भोकाची किंमत

2022 साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला 10 मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला, 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटरमध्ये ब्राँझ आणलं, आणि आमच्या गोतावळ्यात निदान तीन घरी एअर रायफल आली. चांगलंच आहे. पण त्यामुळे "दादा, पीप साईट कुठली घेऊ?" हा प्रश्न मला लग्नकार्यात पंगतीत बसल्यावरसुद्धा विचारला जातो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. ज्यांना नेमबाजीत रस नाही त्यांनी शेवटचा परिच्छेद तरी वाचावा, त्यात आईस्क्रीम आहे :)

आत्ता निमित्त झालं ते भाचीचं. ती शाळेच्या स्पर्धेत ओपन साईट गटात खेळते. आपल्याकडे शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जायचं म्हटलं की घरात खर्चाची बैठक बसते. भावजींना एका दुकानदाराने भलीमोठी यादी लिहून दिली: परदेशी साईट, रंगीत फिल्टरवाली आयरिस, पोलरायझर, वर उंची वाढवायचे ब्लॉक. ताईने त्यासाठी भिशीचे पैसे उचलायची तयारी केली होती. पोरगी मात्र गप्प. एवढा खर्च झाल्यावर "मला नाही जमत" म्हणायची सोय राहत नाही, हे तेरा वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं.

माझं मत सरळ आहे. साईटच्या यंत्राला पैसे द्या, भोकाच्या दागिन्यांना देऊ नका.

आधी भोक काय करतं ते बघू. चष्मा सापडत नसेल तर मूठ आवळून करंगळीकडच्या फटीतून भिंतीवरचं कालनिर्णय वाचून पाहा. तारखा स्पष्ट दिसतात. कॅमेरावाले मित्र लगेच म्हणतील, अॅपर्चर बारीक केलं की डेप्थ ऑफ फील्ड वाढते. अगदी तेच. नेमबाजाला पुढची रिंग हातभर अंतरावर आणि टार्गेट 10 मीटरवर, दोन्ही एकाच वेळी हवं असतं. डोळा एका वेळी एकच धरतो. मधे साधारण 1.1 मिलिमीटरचं छिद्र आलं की दोन्ही बऱ्यापैकी दिसतात. आणि छिद्र मधोमध आणायचं काम डोळा आपण न सांगता करतो. त्याच्याकडे बघायचंच नाही, त्याच्यातून बघायचं. चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्यांना तर ही चकतीच खेळात टिकवून ठेवते. ओपन साईटची मागची खाच आता मला कापसाच्या पिंजलेल्या पुंजक्यासारखी दिसते.

मग आणखी बारीक छिद्र केलं तर आणखी छान? नाही. 1.2 वरून 0.8 वर आलात की उजेड निम्म्याहूनही कमी होतो, आणि फार बारीक छिद्रातून प्रकाश पसरून कडा उलट मऊ होतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार बंदिस्त रेंजवर टार्गेटवर किमान 1500 लक्स उजेड लागतो. आपल्या गावांतल्या पत्र्याच्या शेडमधे, दोन ट्यूबलाइटींपैकी एक फडफडत असताना, तेवढा कुठून येणार? अशा ठिकाणी कमीजास्त होणारी आयरिस उपयोगी पडते हे मान्य. पण ती साधी मिळते. बारा रंगांचे फिल्टर घरच्या रेंजवर ड्रॉवरमधेच पडून राहतात. अंक बदलता येतात म्हणून मुलं दर पाच शॉटनंतर ते फिरवत बसतात आणि चुकलेल्या ट्रिगरचा दोष छिद्राला देतात, हा आणखी एक तोटा.

आता यंत्र. इथे मात्र काटकसर नको. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एक रिंग अडीच मिलिमीटरची. हल्ली गुण दशांशात मोजतात, म्हणजे 0.1 गुण म्हणजे पाव मिलिमीटर. मागच्या आणि पुढच्या साईटमधलं अंतर 75 सेंटिमीटर धरलं, तर टार्गेटवर पाव मिलिमीटर सरकायला मागची साईट जेमतेम 0.02 मिलिमीटर सरकावी लागते. ही असली हालचाल दर क्लिकला, उजवीकडे आणि डावीकडे सारखीच, पावसाळ्यात आणि मे महिन्यात सारखीच, करून दाखवायची हे खरं कसब. पैसा त्याचा आहे.

ते तपासायला दुकानदाराच्या गोड बोलण्याची गरज नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर नीट टेकवा. पाच पेलेट मारा. वीस क्लिक उजवीकडे, पाच पेलेट. वीस वर, पाच. वीस डावीकडे, पाच. वीस खाली, आणि पुन्हा पाच. शेवटचा पुंजका पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. नाही बसला, किंवा दिशा बदलल्यावर पहिले दोनतीन क्लिक नुसतेच वाजले आणि काही हललं नाही, तर ती साईट कितीही चकचकीत असो, परत द्या. जुनी, एखाद्या सीनियर शूटरने वापरलेली जर्मन साईट ही परीक्षा पास होत असेल तर ती डोळे झाकून घ्या. (म्हणजे, तुम्हाला कळलं :)) फक्त खालची पकड तुमच्या रायफलच्या रेलवर, बहुतेक वेळा 11 मिलिमीटरच्या, घट्ट बसते ना ते पाहा.

ज्यांना हे सगळं कीस काढणं वाटतं त्यांच्यासाठी: अभिनव बिंद्राने आत्मचरित्रात सांगितलंय की 2008 ला बीजिंगच्या फायनलआधी त्याची रायफल अचानक भलतीकडेच मारू लागली. हातातल्या थोड्याशा वेळात त्याला साईट फिरवून ती ताळ्यावर आणावी लागली. शेवटचा शॉट 10.8 चा होता हे सगळ्यांना पाठ आहे. पण प्रत्येक क्लिक इमानदार नसता तर तो तिथवर पोचला असता का?

पुढच्या रिंगकडे कोणीच बघत नाही, आणि ती तर सगळ्यात स्वस्त. टार्गेटचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा, म्हणजे पुढच्या साईटच्या जागी तो अंदाजे अडीच मिलिमीटरचा दिसतो. मुलांना वाटतं रिंग जितकी घट्ट तितका नेम पक्का. होतं उलटंच. घट्ट रिंगमधे पांढरी फट इतकी अरुंद होते की काळं मधोमध आहे की नाही ते कळेनासं होतं, आणि डोळा त्यात अडकतो. चारच्या आसपासची रिंग घालून बघा, हायसं वाटेल.

डोळा आणि चकती यांच्यात पाच ते आठ सेंटिमीटर अंतर बहुतेकांना मानवतं, पण ते गालाच्या ठेवणीवर ठरतं. म्हणून आधी गालाची पट्टी नीट लावा, मग साईट मागेपुढे सरकवा. मान वाकवून छिद्र शोधायचं नाही. चष्मा असेल तर तो डोळ्यावरच हवा. नंबराची काच साईटवर बसवायला आंतरराष्ट्रीय नियमांची परवानगी नाही. तशी काच असलेली आयरिस कुणी विकत असेल तर भावजी, नमस्कार करून बाहेर पडा.

भाचीसाठी मी एक जुनी साईट आणि चार रिंगांचं पाकीट सुचवलंय. भिशीचे उरलेले पैसे पेलेटला आणि रेंजच्या फीला जावेत असं ताईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं स्वस्तातलं घेऊन पोरगी मागे नाही ना पडणार?" मी भाचीलाच फोन द्यायला सांगितला. ती एवढंच म्हणाली, "मामा, चालेल. पुढच्या वर्षीपण खेळणारे मी."

आणि हो, डाव्या डोळ्यासमोर लावायची पट्टी विकत घेऊ नका. एक डोळा मिटून नेम धरला की दुसराही ताणला जातो, म्हणून पट्टी हवीच. पण ती काळी नको: डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला की उजवी बाहुलीही थोडी मोठी होते. आईस्क्रीमच्या डब्याचं दुधट झाकण घ्या, 30 मिलिमीटरपेक्षा रुंद होणार नाही अशी पट्टी कापा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि साईटला अडकवा. डबा आधी रिकामा करावा लागतो, ते काम भाचीने घेतलंय.