काटा वाढवायच्या आधी घड्याळ बघा



सोयाबीनची आवक आता सुरू होईल. दरवर्षी तक्रार एकच, "केंद्रावर अख्खा दिवस मोडतो." आणि उत्तरही एकच, "हमाल वाढवा, दुसरा काटा घ्या." माझं मत वेगळं आहे. खर्च करायच्या आधी माल नेमका कुठे अडतो ते शोधू.

आपली रीत आठवा. ट्रॉली रांगेत लागते, नंबर येतो, माल खाली होतो आणि मग ओलावा मोजतात. १२ टक्क्यांच्या जागी १५ निघाला की वाद, नाहीतर पुन्हा भरणी. तोवर मागच्या ट्रॉल्या उभ्याच. मोजणीला मिनिटंच लागतात, पण ती शेवटी होते म्हणून दिवस जातो. हमाल दुप्पट केले तरी हे सुटणार नाही. नमुना रांगेत लागतानाच घेतला पाहिजे.

आपल्याकडूनही एक काम होऊ शकतं. आदल्या दिवशी ढिगाच्या चार-पाच जागांवरून थोडं थोडं सोयाबीन घ्या, प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून केंद्रावर तपासून घ्या. हिशोबही करा : १५ टक्के ओलाव्याचे १०० किलो वाळून १२ टक्क्यांवर आले की साधारण साडेशहाण्णव किलो भरतात. कपात यापेक्षा जास्त लागत असेल तर, मजुरी धरूनही परवडत असेल तेव्हा, घरीच वाळवून आणा.

दुसरी अडचण कागदांची. सभासदाचं आधार आणि पासबुक कंपनीकडे आहेच, तरी दरवेळी झेरॉक्स मागतात, खातेनंबर हाताने उतरवतात. एक आकडा चुकला की पैसे अडकतात. हंगामाआधी एकदाच तपासा, मग फक्त सभासद क्रमांक पुरे.

यात कुणा कर्मचाऱ्याचा दोष नाही, कामाचा क्रम चुकलाय. म्हणून यंदा एवढंच करा. पावतीच्या मागे चार वेळा लिहा : आलो, नमुना दिला, वजन झालं, पावती मिळाली. जिथे अंतर मोठं, तिथेच दुखणं.

पहिल्या आठवड्यानंतर पावतीच्या मागच्या बाजूचा फोटो या नंबरवर पाठवा. संचालक मंडळाने ते बघून क्रम बदलावा. बदलणार नसतील तर का नाही, ते सभासदांना सांगावं. दुसऱ्या काट्याचा विषय त्यानंतर.