विकत की भाड्याने?

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण इथे आले ते बॅगेत मराठी पुस्तकं आणि कॅसेटी कोंबून. ती पुस्तकं आपली. मुलांना द्या, नाहीतर मित्राला वाचायला द्या. किंडलवरच्या पुस्तकाचं तसं नाही. २००९ साली हक्कांच्या प्रश्नावरून ॲमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४'च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पण पुस्तकं हातची गेली! कारण आपण घेतो ती फक्त वापरायची परवानगी. कॅलिफोर्नियात २०२५पासून विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. तेव्हा वाचून सोडायचं ते खुशाल किंडलवर घेऊ. नातवंडांसाठी ठेवायचं ते मात्र कागदावरच घेऊया.