हवेचे कवच

चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, असे ईर्यासमिती सांगते. कल्याण-शीळ मार्गावर दुचाकीस्वाराला चाळीस हातही अपुरे पडतात. वसुलीसाठी डोंबिवलीहून ठाण्यास जाणाऱ्या मुलाकरिता आता हवेचे जाकीट मिळते. एका प्रकारात जाकिटाची दोरी गाडीला अडकवतात. स्वार फेकला गेला की ती ताणून कळ सुटते आणि नळकांडीतील वायू क्षणार्धात छाती, मान व पाठीभोवती भरतो. डोक्यासाठी हेल्मेट हवेच. नुसत्या खड्ड्याने कळ सुटत नाही, हा आपल्याकडे मोठाच गुण. दुसऱ्या प्रकारात संवेदक झटका व कलणे मोजतात. तेथे चार्जिंगचे भान हवे. नामांकित जाकीट 30,000 रुपयांच्या पुढे जाते. एवढी रक्कम एकेका गिऱ्हाइकाकडे अडकलेली असते! दोरीचे जाकीट फाटले नसल्यास नळकांडी बदलून पुन्हा वापरता येते. चामडे वर्ज्य असणाऱ्यांसाठी कापडीही मिळते.