मंडई नवी झाली, मग गिऱ्हाईक रस्त्यावरच का थांबतं?

संध्याकाळी बोईसर स्टेशनवर लोकल रिकामी होते. एमआयडीसीतल्या पाळ्याही त्याच सुमाराला सुटतात. नवापूर नाक्याकडे निघालेला माणूस रिक्षा गाठायच्या आधी वाटेतच अर्धा किलो टोमॅटो घेतो, मासळी दिसली तर भाव विचारतो, पाव बांधून घेतो आणि घरी जातो. त्याला विचारलं, "बाजारात गेला होतात का?" तर तो "नाही" म्हणेल. त्याच्या लेखी तो फक्त घरी येत होता.

हे चित्र बोईसरचं आहे, तसंच ते पालघर, विरार, दादर आणि कल्याणचंही आहे. या गर्दीकडे पाहून प्रशासन बहुतेक वेळा एकच निर्णय घेतं : या सगळ्यांना एका इमारतीत बसवा. इमारत बांधली जाते, फीत कापली जाते. काही वर्षांनी त्या इमारतीतले गाळे रिकामे असतात आणि बाहेरचा रस्ता पुन्हा भरलेला असतो. मग त्याच इमारतीच्या "पुनरुज्जीवना"ची नवी योजना येते.

असं का होतं? उत्तरासाठी आधी मुंबईच्या सगळ्यात प्रसिद्ध मंडईत जाऊया.

क्रॉफर्ड मार्केटचं नेमकं काय झालं?

मुंबई महापालिकेकडे आज नव्वदच्या आसपास मंडया आहेत. त्यातली सगळ्यात ओळखीची म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजेच क्रॉफर्ड मार्केट. ही इमारत १८६९ मध्ये उभी राहिली. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव तिला मिळालं. आराखडा विल्यम इमर्सन यांचा होता आणि प्रवेशद्वारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंग यांची.

शंभर वर्षांहून अधिक काळ ही मंडई चालली, कारण ती घाऊक आणि किरकोळ अशी दोन्ही होती. पहाटे माल उतरायचा आणि दिवसभर तो विकला जायचा. घाऊक व्यापारी होते म्हणून भाव कमी होते, आणि भाव कमी होते म्हणून लोक लांबून यायचे.

१९९६ मध्ये भाजी-फळांचा घाऊक व्यापार वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत हलवला गेला. दक्षिण मुंबईच्या अरुंद रस्त्यांवरची ट्रकची गर्दी पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटचं लांबून गिऱ्हाईक ओढण्याचं मुख्य कारण गेलं. मागे उरला तो किरकोळ बाजार.

नंतर मंडईच्या पुनर्विकासाच्या योजना आल्या. खासगी विकासकाकडे काम देण्याच्या प्रस्तावावरून बराच वाद झाला. पुढे पालिकेनं टप्प्याटप्प्यानं काम हाती घेतलं आणि पहिल्या टप्प्यात जुन्या वारसा इमारतीची दुरुस्ती झाली. दगडी काम स्वच्छ झालं, छप्पर सुधारलं. वारसा जपण्यासाठी हे गरजेचंच होतं. पण दुरुस्त छपरामुळे पहाटेचे ट्रक परत येत नाहीत. इमारत सुधारणं हे एक काम आहे, बाजार सुधारणं हे दुसरं.

दादरचा धडा : जिन्यावर कोण चढणार?

सेनापती बापट मार्गावर, दादर स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, पालिकेनं फेरीवाल्यांसाठी बहुमजली "हॉकर्स प्लाझा" बांधला. कागदावर ही उत्तम सोय होती : डोक्यावर छप्पर, ठरलेली जागा, पावसाची चिंता नाही. प्रत्यक्षात तिथले अनेक गाळे दीर्घकाळ रिकामे राहिले आणि स्टेशनबाहेरचा रस्ता भरलेलाच राहिला.

यात विक्रेत्यांचा हट्ट कमी आणि साधा हिशोब जास्त आहे. कोथिंबिरीची जुडी घ्यायला कोणी दुसऱ्या मजल्यावर जात नाही. साडी, मोबाइल, फर्निचर यासाठी आपण ठरवून जातो. भाजी, फुलं, मासळी, कंगवे, रुमाल या गोष्टी आपण वाटेत घेतो. वाटेतला माल वाटेवरून उचलला की त्याची विक्री पडते. हा माल नाशवंत असेल तर दुसऱ्याच दिवशी नुकसान दिसतं. म्हणून नव्या इमारतीत गेलेली भाजीवाली आठवड्याभरात पुन्हा जुन्या जागी बसलेली दिसते.

याउलट पुण्याची महात्मा फुले मंडई पाहा. ती १८८६ ची आहे. गंमत म्हणजे पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. इथलाही घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. तरी मंडई टिकली, कारण तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता आणि आजूबाजूच्या पेठा यांमुळे लोकांची पावलं तिथे रोज वळतातच. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईच्या दारात स्टेशन आलं. घाऊक व्यापार दोन्हीकडून गेला, पण पुण्यात मंडई लोकांच्या रोजच्या वाटेवर राहिली.

गाळा कोणासाठी बांधला जातो?

दुसरा मुद्दा पैशाचा आहे. नगर परिषदा आणि महापालिकांसाठी व्यापारी संकुल हे उत्पन्नाचं साधन असतं. १९७९ पासून केंद्राची लहान आणि मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना होती. महाराष्ट्रात ती "आयडीएसएमटी" या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. त्या पैशातून अनेक गावांमध्ये व्यापारी संकुलं उभी राहिली.

संकुलातून उत्पन्न हवं म्हणून गाळ्यांचा लिलाव होतो. लिलावात मोठी अनामत भरू शकणारा जिंकतो. टोपली घेऊन बसणारी बाई त्यात उतरूच शकत नाही. म्हणजे ज्यांच्या नावानं "बाजाराची सोय" केली, ते पहिल्याच पायरीवर बाहेर पडतात. मग गाळा गुंतवणूक म्हणून घेतला जातो, पोटभाड्यानं दिला जातो किंवा गोदाम म्हणून वापरला जातो.

करार संपल्यावर काय होतं, हे जळगावनं पाहिलं. तिथल्या महापालिकेच्या संकुलांतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. नवं भाडं किती, थकबाकी किती, नूतनीकरण की लिलाव, यावरून पालिका आणि गाळेधारक यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. अशा स्थितीत पालिका दुरुस्तीवर पैसा घालत नाही आणि गाळेधारकही घालत नाही. जिने घाण राहतात, दिवे बंद पडतात आणि गिऱ्हाईक तुटतं.

मासळी बाजाराचं प्रकरण पालघरच्या जवळचं का आहे?

क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारी पलटण रोडवर छत्रपती शिवाजी महाराज मंडई होती, मुंबईचा मोठा घाऊक मासळी बाजार. इमारत धोकादायक ठरल्यानं २०२१ मध्ये ती रिकामी करण्यात आली. घाऊक विक्रेत्यांना ऐरोलीकडे हलवण्याचा प्रस्ताव होता, त्याला कोळी महिलांनी जोरदार विरोध केला. अखेर क्रॉफर्ड मार्केटच्या आवारात तात्पुरती सोय झाली. २०२४ च्या अखेरीस पालिकेनं तीच मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देण्यासाठी निविदा काढली, तेव्हा विरोध पुन्हा पेटला.

पालघरच्या किनाऱ्यावरची मासळी वर्षानुवर्षं मुंबईच्या घाऊक बाजारात जाते. सातपाटीचं पापलेट तर घराघरात माहीत आहे. २०२३ मध्ये याच रुपेरी पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला. पण मासा पकडला जातो किनाऱ्यावर आणि त्याचा भाव ठरतो बाजारात. बाजाराची जागा हलली की वाहतूक वाढते, वेळ वाढतो, बर्फ वाढतो. हा जास्तीचा खर्च शेवटी मच्छीमाराच्या आणि डोक्यावर टोपली घेऊन विकणाऱ्या बाईच्या पदरी येतो.

कुठे जमलं आहे का?

हो, पण रंगरंगोटीनं नाही.

सिंगापूरनं १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या सुमारे १८ हजार फेरीवाल्यांची नोंदणी केली. १९७१ पासून १९८६ पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्यानं हॉकर सेंटरमध्ये आणलं गेलं. त्यातली अनेक केंद्रं सरकारी वसाहतींच्या पायथ्याशीच बांधली होती. लोक घरातून उतरले की समोर बाजार. पाणी, सांडपाणी यांची सोय होती आणि सुरुवातीचं भाडं परवडणारं होतं. २०२० मध्ये या संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

स्पेनमधल्या बार्सिलोनानं मंडयांसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र पालिका संस्था स्थापन केली. तिथल्या सांत आंतोनी मंडईचं काम लांबलं. पण २००९ पासून २०१८ पर्यंत विक्रेते वाऱ्यावर नव्हते, मंडईलगतच्या रस्त्यावर उभारलेल्या तात्पुरत्या मंडपात त्यांचा धंदा सुरू होता. गिऱ्हाइकाची सवय तुटली नाही. आपल्याकडे "संक्रमण शिबिर" म्हटलं की माणूस घाबरतो. तिथे तीच गोष्ट योजनेचा कणा होती.

कायदा काय सांगतो?

२०१४ चा पथविक्रेता कायदा यावर बराच स्पष्ट आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. शहर विक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यात एक तृतीयांश महिला असाव्यात. "नैसर्गिक बाजार" म्हणजे जिथे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेनं जमतात ती जागा, हेही या कायद्यानं मान्य केलं आहे.

अंमलबजावणी मात्र रखडते. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. समितीसाठी मतदान झालं ते २९ ऑगस्ट २०२४ ला, आणि मतदार होते सुमारे ३२ हजार.

दुसरी बाजूही खरी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर स्टेशन परिसरातल्या अडथळ्यांची चर्चा तापली आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. चालणाऱ्याला रस्ता हवाच. म्हणून बाजार "कुठेही" नको. पण तो वाटेजवळ हवा, आणि ती जागा आधी ठरवायला हवी.

मग पालघर-बोईसरनं आत्ताच का जागं व्हावं?

कारण इथली वाटच बदलते आहे. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. जिल्हा मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला गेलं आणि त्याभोवती सिडको नवं शहर वसवते आहे. विरार-डहाणू चौपदरीकरणात स्टेशनांची रचना बदलते आहे. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला आहे. ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. येत्या काही वर्षांत इथे नव्या मंडया आणि संकुलं उभी राहणार, हे उघड आहे.

पण एक अडचण आहे. पथविक्रेता कायदा महापालिका, नगर परिषदा, नगर पंचायती अशा शहरी संस्थांसाठी आहे. पालघरला नगर परिषद आहे, तिथे तो थेट लागू होतो. बोईसर २०११ च्या जनगणनेत शहर म्हणून मोजलं गेलं, पण कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. म्हणजे गर्दी शहराची, यंत्रणा गावाची. नवापूरहून टोपली घेऊन बोईसरला येणाऱ्या बाईकडून बाजाराची पावती फाडली जाते, पण शहरातल्या विक्रेत्याला कायद्यानं मिळणारं प्रमाणपत्र आणि समितीतला आवाज तिच्या वाट्याला येत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या भागात मंडईचं भूमिपूजन होईल, तेव्हा फोटो शेअर करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

- स्टेशन किंवा एसटी स्टँडवरून घरी जाणाऱ्याच्या वाटेवर ही मंडई आहे का?
- भाजी आणि मासळीचे ओटे तळमजल्यावर आहेत का?
- आज रस्त्यावर बसणाऱ्यांची यादी आधी केली आहे का, आणि जागा त्यांना मिळणार की लिलावात जाणार?
- काम चालू असताना त्यांनी कुठे बसायचं?
- पाणी, बर्फ, कचरा आणि स्वच्छतागृह यांचा रोजचा खर्च कोण करणार?

यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं "बघू" अशी आली, तर त्या इमारतीचं भविष्य आजच सांगता येईल. तोवर संध्याकाळची लोकल येत राहील आणि अर्धा किलो टोमॅटो रस्त्यावरच घेतले जातील.