मोकळ्या अर्ध्या तासाची मागणी: शालेय शिक्षण मंत्र्यांस अनावृत पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांसी,



चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा हुकूम आपल्या खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा मुलांची झोप ही सरकारदरबारी विचारार्ह बाब ठरली. आणि ज्या खात्याने झोपेची दखल घेतली ते खेळाचीही घेईल, या भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

खेळ म्हणजे येथे कवायत, क्रीडास्पर्धा किंवा उन्हाळी शिबिर अभिप्रेत नाही. त्या गोष्टी चांगल्याच आहेत, पण तेथे शिट्टी मोठ्या माणसाच्या तोंडात असते. मी बोलतो आहे तो मुलांनीच मांडलेल्या आणि मुलांनीच मोडलेल्या खेळाविषयी.

मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात लगोरी रचली जाते, तेव्हा काय घडते ते एकदा जवळून पाहावे. फरशीचे सात तुकडे एकावर एक बसतात न बसतात तोच चेंडू पाठीत लागला की नुसता सदऱ्याला चाटून गेला, यावर वाद उद्भवतो. पंच कोणी नसतो, साक्षीदार सगळे पक्षपाती असतात, आणि तरीही घंटा होण्यापूर्वी डाव पुरा व्हावा ही उभयपक्षी गरज असल्यामुळे, थोडी आरडाओरड, थोडा 'रडीचा डाव' असा उद्धार आणि अखेर 'चल, परत टाक' अशी तडजोड होऊन ते प्रकरण, आपल्या दिवाणी न्यायालयांनी हेवा करावा इतक्या त्वरेने, निकालात निघते. अरेरावी फार काळ चालत नाही, कारण 'जा, मी नाही खेळत' म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असते आणि भिडूच उरले नाहीत तर खेळ कसला? कोणाच्या मागे धाकटी बहीण आली असेल, तर तिला कच्चे लिंबू म्हणून घेतात; ती धावते, ओरडते, पण बाद होत नाही. दुर्बळाला सामावून घेणारा हा शिरस्ता मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेला नाही.

भय, पराभव, रुसवा आणि समेट यांचा अनुभव मुलाला येथे सोसवेल इतक्याच मात्रेत मिळतो, आणि आपल्या आयुष्यातील काही गोष्टी तरी आपल्या हाती आहेत ही जाणीव त्यातून मुरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी २०११ मधील आपल्या निबंधात मुक्त खेळाचा ऱ्हास आणि मुलांतील वाढती चिंता व नैराश्य यांची सांगड घातली. सांगड म्हणजे सिद्धता नव्हे, हे मान्य. तथापि शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून छंदवर्गाला नेले जाणारे मूल ज्याने पाहिले आहे, त्याला ती अविश्वसनीय वाटणार नाही.

हे परदेशी खूळ आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला कोसबाडची आठवण करून द्यावी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. खेळणाऱ्या मुलाला उठवून आणण्यापेक्षा त्याच्या खेळापाशी जाऊन बसावे, इतका साधा विवेक त्यामागे होता. कायदाही याला अनुकूल आहे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहेच, आणि मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करणारी १९८९ ची संयुक्त राष्ट्रांची संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली आहे. मैदाने मात्र वाहनतळासाठी आणि लग्नाच्या मांडवांसाठी सर्रास दिली जातात.

तेव्हा तजवीज एवढीच व्हावी: आठवीपर्यंत, जेवणाची सुट्टी सोडून, रोज अर्धा तास निखालस मोकळा असावा, शिक्षकाने नजर ठेवावी, पण खेळ सांगू नये, आणि अभ्यास अपुरा राहिला म्हणून हा वेळ कोणत्याही मुलाकडून काढून घेऊ नये. कृपा करून त्याचा मासिक तक्ता मात्र मागवू नका, नाहीतर मुक्त खेळाचे गुण द्यायला आम्ही कमी करणार नाही.

एक बाब मुख्याध्यापकांच्या वतीने. गुडघा फुटला की पालक तक्रार घेऊन येतात आणि चौकशी शिक्षकाची होते, म्हणून धावायलाच मनाई करणे त्यांना सोयीचे पडते. सबब आपल्या निर्णयात एक कलम असे असावे की, आवार सुरक्षित असताना आणि देखरेख असताना झालेल्या किरकोळ दुखापतीबद्दल कोणाही शिक्षकावर कारवाई होणार नाही. ते कलम नसेल, तर बाकीचा हुकूम दप्तरातच राहील.

आपला नम्र,
एक पालक