मुलुंड हवं, मोखाडा नको

विजेच्या खासगीकरणाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी मोबाइल काढतोच. खिशातूनही काढतो आणि वादातही. "अहो, टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. स्पर्धा आली आणि भाजीवाल्याच्या हातात फोन आला. विजेचंही तसंच करून टाका की!" हे बोलताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं तेज असतं की हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. मला या युक्तिवादाचा आता वीट आलाय.

मोबाइल हवेतून चालतो. चार कंपन्यांनी चार टॉवर उभे केले की चार कंपन्या झाल्या. वीज तारेतून येते, आणि तुमच्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत शिरणारी केबल एकच असते. दुसरी कंपनी आली तर ती एकतर तोच रस्ता पुन्हा खणून दुसरी केबल टाकेल आणि तिचा खर्च व्याजासह ग्राहकांकडूनच वसूल करेल. नाहीतर पहिलीचीच तार भाड्याने वापरेल. तार तीच, खांब तोच, डीपी तीच, आणि डीपी जळाली की अंधारही तोच. बदलणार काय? बिलावरचा छाप. आता ज्याचे गोडवे गायले जातात त्या मोबाइलचंही पाहून घ्या. एके काळी डझनभर कंपन्या होत्या. आज बीएसएनएल सोडली तर तीन उरल्या आणि त्या तिघींनी जुलै २०२४ मध्ये एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. स्पर्धेचं हे रूप मला तरी ओळखीचं वाटलं. पूर्वी त्याला संगनमत म्हणत; आता म्हणे योगायोग म्हणायचं.

वितरण कंपनीचा साधारण तीन चतुर्थांश खर्च वीज विकत घेण्यात जातो. ही खरेदी बहुतेक पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी बांधलेली असते. नवी कंपनी काही वेगळा कोळसा जाळणार नाही. मग ती स्वस्त देणार कशाच्या जोरावर? उत्तर सोपं आहे, पण ते जाहिरातीत छापत नाहीत: ग्राहक निवडून.

आपल्याकडे विजेचे दर एका जुन्या तडजोडीवर उभे आहेत. कारखाना, मॉल, मोठं कार्यालय खर्चापेक्षा जास्त दर देतात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागवणारं घर आणि शेतीपंप कमी देतात. वीजवाले याला क्रॉस सबसिडी म्हणतात. ही व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही. गरिबाची वीज सरकारने अर्थसंकल्पातून, उजळ माथ्याने स्वस्त करावी, कारखानदाराच्या बिलात लपवून नव्हे, हे मलाही पटतं. पण आज व्यवस्था ही आहे. तिच्यातून जास्त देणारे तेवढे उचलून नेले, तर मागे राहिलेल्यांचं बिल कोण भरणार हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दुधावरची साय एकाने खायची आणि उरलेल्या निळ्या पाण्यावर दुसऱ्याने घर चालवायचं, वर त्यालाच 'अकार्यक्षम' म्हणून हिणवायचं, असा हा डाव आहे.

हा माझा कल्पनाविलास नाही. मुंबईच्या उपनगरांत हा प्रयोग होऊन गेला. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याची मोकळीक असल्याचा निर्वाळा दिला आणि पुढच्या वर्षी उपनगरांत वीज देणाऱ्या रिलायन्सच्या ग्राहकांना तार न बदलता कंपनी बदलायची सोय झाली. लोक खूश झाले. वर्तमानपत्रांत तक्ते छापून आले: इतकी युनिटं वापरत असाल तर इतके वाचतील. वाचत होतेही. मग हळूहळू दुसऱ्या बाजूचा हिशेब पुढे आला. जास्त वीज वापरणारे, जास्त दर देणारे निघून गेले की मूळ कंपनीचा खर्च उरलेल्यांवर पडतो. म्हणून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने सोडून गेलेल्यांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार लावला. मागची थकलेली वसुली होती, तिचा आणखी एक आकार आला. बचत वितळली. कोणत्या गटाला कोणती कंपनी स्वस्त, हे गणित दरवर्षी नव्या दरपत्रकाबरोबर उलटंपालटं होऊ लागलं. अखेर २०१२ मध्ये आयोगाला टाटा पॉवरला सांगावं लागलं की वर्षभर तुम्ही फक्त ३०० युनिटांपर्यंतचे घरगुती ग्राहकच घ्या. पुढे कोर्टकज्जे झाले ते वेगळेच. गंमत पाहा: बाजार मोकळा केला, आणि त्या बाजारात कुणाला कोणतं गिऱ्हाईक मिळावं हे एक सरकारी आयोग आदेश काढून ठरवू लागला. सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, रिलायन्सचा मुंबईतला वीजधंदाच अदानींकडे गेला. उपनगरातल्या ग्राहकाने ना मत दिलं होतं ना निवड केली होती. एका महिन्याचं बिल एका नावाने आलं, पुढचं दुसऱ्या.

एवढं होऊनही शहाणपण आलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहातल्या कंपनीने समांतर परवान्यासाठी, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या क्षेत्रातच वीज वितरायला, अर्ज केला. क्षेत्र सरकारी महावितरणचं; त्यातले भाग कोणते? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण. जरा नकाशा उघडा. ठाण्याहून दीडशे किलोमीटरच्या आत जव्हार आहे, मोखाडा आहे. तिथेही महावितरणच वीज देते. स्पर्धेचा एवढाच सोस असेल तर ती मोखाड्याच्या पाड्यावर का नको? धडगावला का नको? भामरागडला का नको? तिथल्या माणसाने स्वातंत्र्याच्या कितव्या वर्षी 'निवडीचं स्वातंत्र्य' चाखायचं?

मी कंपनीला दोष देत नाही. नफा होईल तिथे जाणं हे तिचं कामच आहे, आणि ती मोखाड्याला धावली असती तर तिच्या भागधारकांनी संचालकांना घरी पाठवलं असतं. माझा राग आहे तो कायदे करणाऱ्यांवर. २००३ च्या वीज कायद्याने एकाच क्षेत्रात दुसऱ्या परवानाधारकाला वाव ठेवला, पण स्वतःचं जाळं उभारण्याची अट घातली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, ते ही अटच काढायला निघालं होतं: पहिल्याची तार वापरा आणि धंदा करा. ते संसदीय समितीकडे गेलं. पण त्याच वर्षी नियमांत किमान क्षेत्राची व्याख्या अशी केली की नव्या परवान्यासाठी एक संपूर्ण महापालिका घ्यावी लागेल 'किंवा' लगतचे तीन महसुली जिल्हे. या 'किंवा'वर मी बराच वेळ खिळून होतो. नवी मुंबई महापालिका घ्या किंवा नंदुरबार, धुळे, जळगाव घ्या, असं सांगितल्यावर दुसरा पर्याय निवडणारा दानशूर उद्योगपती मला कुणी दाखवावा. क्षेत्रात मागेल त्याला वीज द्यावी लागते, झोपडपट्टीलाही द्यावी लागते, असा बचाव केला जातो. खरं आहे. पण क्षेत्रच असं आखून घेतलं की त्यात शेतीपंप औषधालाही सापडू नये, तर त्या बंधनाला अर्थ काय राहिला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा नवा मसुदा काढला. त्यात कारखाने, रेल्वे आणि मेट्रोवरची क्रॉस सबसिडी पाच वर्षांत संपवण्याचं कलम आहे. संपवा, जरूर संपवा. पण तो खड्डा कुठल्या तिजोरीतून भरायचा, तेवढंही त्याच दमात सांगा.

आता भिवंडीचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जाईल, म्हणून मीच ते घेतो. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने भिवंडी टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिली. तेव्हा तिथली निम्म्याहून अधिक वीज गळती आणि थकबाकीत जात होती. काही वर्षांत ती कितीतरी खाली आली. यंत्रमागांना वीज मिळू लागली, ट्रान्स्फॉर्मर बदलले गेले. हे झालं आणि चांगलं झालं. पण यात स्पर्धा कुठे होती? निविदेच्या दिवशी होती. नंतर दहा वर्षं भिवंडीकरांना एकच दुकान होतं. मग फरक कशाने पडला? वीजचोरीचा आकडा काढायला गेलेल्या महावितरणच्या वायरमनला वाटेतच कुणा पुढाऱ्याचा फोन येतो. खासगी कंपनीच्या माणसालाही तो येतो. तो न उचलल्याबद्दल त्याची गडचिरोलीला बदली होत नाही, एवढाच काय तो फरक. म्हणजे भिवंडीत बाजार जिंकला नाही, पुढारी हरला. तीच मुभा सरकारी अभियंत्याला द्यायला कुणी हात धरला होता?

शिवाय भिवंडी सांगणारे औरंगाबाद सांगत नाहीत. तिथे २०११ मध्ये जीटीएल आली आणि २०१४ मध्ये थकबाकीवरून करार मोडला. जळगावला २०११ मध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज आली, २०१५ मध्ये गेली. नागपूरच्या तीन विभागांत २०११ पासून स्पॅन्को आणि तिच्या जागी आलेली एसएनडीएल होती. २०१९ मध्ये काम पुन्हा महावितरणच्या गळ्यात पडलं. खासगी कंपनीला नको झालं की ती चावी परत देते. महावितरणला ती सोय नाही. ओडिशात १९९९ मध्ये वितरण खासगी केलं. त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं, किनाऱ्यावरचं जाळं भुईसपाट झालं, आणि ज्या एईएस या अमेरिकी कंपनीकडे तो भाग होता ती २००१ मध्ये निघून गेली. आपल्या कोकणात जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत खांबांच्या रांगाच्या रांगा झोपवल्या. तेव्हा इतर जिल्ह्यांतून वायरमन आणून ते खांब उभे करणारी कंपनी तोट्यातली, सरकारी आणि 'अकार्यक्षम' होती.

आणि एन्रॉन? ते नाव घेतलं की खासगीकरणवाले म्हणतात, जुनं उगाळू नका. का नको? १९९३ मध्ये निविदाच न काढता तिच्या अंजनवेलच्या वीजप्रकल्पाचा करार झाला. वीज उचला न उचला, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. जागतिक बँकेनेच या प्रकल्पाला पैसे द्यायचं नाकारलं होतं. १९९५ मध्ये एका सरकारने तो रद्द केला आणि त्याच सरकारने पुढच्या वर्षी अधिक मोठा करून परत आणला. तेरा दिवसांच्या केंद्र सरकारलाही त्याच्या प्रतिहमीवर सही करायला सवड मिळाली. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणं बंद केलं, आणि त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. अंजनवेलच्या त्या प्रकल्पाला पुन्हा सरकारी कंपन्यांनीच हात दिला. ज्या पक्षांनी हे केलं तेच आज आपल्याला बाजाराचं पावित्र्य शिकवतात.

इथवर वाचून वीज कामगार संघटनांची मंडळी मला सभेला बोलावतील. थांबा जरा. ४ जानेवारी २०२३ ला तुम्ही समांतर परवान्याविरुद्ध संप केलात, उपमुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी आश्वासन दिलं, तुम्ही फटाके वाजवलेत. ठीक. पण महावितरणचे तीन कोटींच्या आसपास ग्राहक तुमच्यावर प्रेम करतात असा समज करून घेऊ नका. लाखो शेतीपंपांना मीटर नाही, आणि चोरीची-गळतीची वीज शेतकऱ्याच्या नावावर टाकून आकडे सुंदर दाखवले जातात, हे ग्राहक संघटना घसा फोडून सांगत आल्या आहेत. त्यावर तुमचा संप कधी झाला नाही. कोटेशन भरून कनेक्शनची वाट पाहणारे शेतकरी तुमच्या कागदांवर 'पेड पेंडिंग' म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिले. त्यांच्यासाठी घोषणा ऐकली नाही. शेतकऱ्याला रात्री दोनला पाणी धरायला लावणारं वेळापत्रकही सरकारी कंपनीनेच आखलं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप फुकट केले, तर आता मोजायचं कशाला असं म्हणायला सगळे मोकळे. मीटर न लावता सार्वजनिक सेवा वाचवा म्हणणं म्हणजे खासगी कंपनीच्या अर्जाला स्वतःच शिफारसपत्र जोडणं आहे. लोक वैतागून 'येऊ दे कुणीही' म्हणतात, ते अदानींच्या प्रेमापोटी म्हणत नाहीत.

आपल्याकडे खरी स्पर्धा झालीच कुठे, असं कुणी म्हणेल. ब्रिटनमध्ये ती होती. डझनावारी कंपन्या, एका फोनवर बदल. २०२१ मध्ये गॅसचे भाव चढले आणि वीसहून अधिक कंपन्या काही महिन्यांत बसल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे सामावून घेण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलांवर टाकला गेला, कधीही कंपनी न बदललेल्या म्हाताऱ्यांच्या बिलांवरसुद्धा. जिंकलेल्यांचा नफा खासगी आणि हरलेल्यांचं कर्ज सार्वजनिक, असा तो खुला बाजार.

मला स्पर्धेचं वावडं नाही. वीजनिर्मितीत ती असावी, खरेदीच्या निविदांत असावी. सौर विजेचे भाव लिलावांनीच पाडले, हे कुणी नाकारू नये. पण घराघरांत वीज पोहोचवण्याच्या कामात ज्याला उतरायचंय त्याला जोडी घ्यायला लावा. मुलुंड हवं तर मोखाडा घ्या. नवी मुंबई हवी तर धडगाव घ्या, शेतीपंपांसकट, वादळातल्या खांबांसकट, आणि पंचवीस वर्षं चावी परत न देण्याच्या अटीवर. या अटीवर एक जरी अर्ज आला, तर मी खासगीकरणाच्या बाजूने लेख लिहीन.

समांतर परवान्याचा अर्ज आला की कायद्याने जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. ती वर्तमानपत्रात कोपऱ्यात, बारीक टाइपात येते. पुढची नोटीस दिसली की ती कापून ठेवा आणि आयोगाला पत्र लिहा. वकील लागत नाही. अर्जातल्या क्षेत्रात शेतीपंप किती, शंभर युनिटांखालची घरं किती, आणि जास्त दर देणारे ग्राहक गेल्यावर उरलेल्यांचा दर किती वाढेल, एवढं विचारा आणि उत्तर लेखी मागा.