रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?

कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने 30 जानेवारी 2025 रोजी सन्मानाने मरण्याच्या हक्काबद्दल आदेश काढला. उपचारांबद्दलचं इच्छापत्र लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावं. वेळ आली की व्हेंटिलेटरचं काय करायचं ते डॉक्टरांची दोन मंडळं ठरवतील. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली खुली केलेली आणि 2023 साली सुटसुटीत केलेली ही वाट. जिच्यामुळे हा प्रश्न देशासमोर आला ती अरुणा शानभाग मूळची हळदीपूरची, म्हणजे कर्नाटकाचीच. मुंबईच्या केईएममध्ये ती चार दशकं अंथरुणाला खिळून होती.

आदेश चांगलाच आहे, पण तो इस्पितळाच्या आत लागू होतो. माझी तक्रार घर ते इस्पितळ या रस्त्याबद्दल आहे. म्हैसुरातल्या कुवेंपुनगरात आमचं घर. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेला, केमो बंद झालेली. "मला आता कुठे हलवू नका गं," असं ते स्वतःच म्हणत. तरी रात्री धाप लागली की 108 ला फोन व्हायचाच, कारण दुसरा नंबर नव्हता. कॅज्युअल्टीत शेजारी अपघातातलं पोरगं विव्हळतंय, आणि अण्णांना कधीच न पाहिलेला तरुण डॉक्टर कन्नडमध्ये विचारतोय, नळी घालायची का, लवकर सांगा. त्याला दोष कसा द्यायचा? जीव वाचवणं हेच त्या खोलीचं काम.

पुढे घरी येणारी नर्स मिळाली. तिने अण्णांना बसतं करून पुढ्यातल्या उशीवर रेलायला लावलं, टेबलफॅन थेट तोंडावर सोडला, मॉर्फिन किती आणि कधी द्यायचं ते वहीत लिहून दिलं. सोबत पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही, असं बजावलं. त्यानंतर अण्णांच्या अंगणात ॲम्ब्युलन्स आली नाही. ते घरीच गेले.

ही सेवा दुर्मीळ असावी असं काही नाही. स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटची माणसं म्हैसुरात घरोघर जाऊन ती देतात. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून कायदा 2014 सालीच बदलला. केरळने तर 2008 सालीच अशा सेवेचं सरकारी धोरण आखलं. प्रत्येक तालुका इस्पितळात मॉर्फिन, आणि रात्री फोन उचलणारी एक प्रशिक्षित नर्स, एवढं सरकारला अवघड नाही. यात कॅज्युअल्टीचाही फायदा आहे. तिथली खाट त्या अपघातातल्या पोरासाठी मोकळी राहील.

तोवर आपण एक करावं. बरा न होणारा आजार घेऊन माणूस घरी येत असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: रात्री धाप लागली तर काय द्यायचं आणि फोन कुणाला करायचा? उत्तर लेखी घेतल्याशिवाय निघू नका.